हलक्या तारेची कुळकथा

आमच्या बडोद्याच्या घरात सध्या दोन तंतुवाद्ये आहेत. एक वडिलांनी मिरजेहून आणलेली सतार. ती गवसणीत बांधून माळ्यावर ठेवलेली आहे. दुसरी नातवाची इलेक्ट्रिक गिटार; ती कोचावर, जेवणाच्या टेबलावर, कुठेही पडलेली असते. प्रस्तुत लेख या दुसऱ्या वाद्याविषयी, किंबहुना त्याच्या तारांच्या जाडीविषयी आहे. विषय आपल्या वाचकांस थोडा परका वाटेल. परंतु तो माझ्या वाट्याला ज्या रीतीने आला ती सांगितली म्हणजे त्याचे प्रयोजन ध्यानात येईल.

नातू नववीत आहे. गिटार आल्यावर दोन-तीन महिन्यांत त्याच्या डाव्या हाताच्या बोटांची टोके सोलवटली. एके दिवशी तो म्हणाला, "आबा, मी नऊच्या तारा लावतो. या दहाच्या फार टोचतात." मी त्याला झिडकारले. बोटांना घट्टे पडल्याशिवाय तंतुवाद्य येत नाही, पणजोबांच्या बोटांवर सतारीच्या तारेच्या खाचा पडल्या होत्या, वगैरे जे आमच्या पिढीला येते ते सारे त्याला ऐकवले. त्याने अर्थातच ऐकले नाही. खाऊच्या पैशांतून नऊच्या तारा आणल्या आणि स्वतःच चढवल्या. झाले असे की वाद्य बिघडले. खालच्या स्वरांत झणझणाट येऊ लागला, घोडी मागे झुकली, एका टोकाला सुरात लावावे तर दुसऱ्या टोकाला बेसूर. "बघ, सांगत होतो," असे म्हणण्याचे सुख मी त्या दिवशी पुरेपूर घेतले.

ते सुख दोन दिवस टिकले. वाद्यदुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे आम्ही दोघे गेलो, तेव्हा त्याने सांगितले की तारांत काही दोष नाही; तारा बदलल्यावर वाद्याचा तोल नव्याने साधावा लागतो, तेवढे राहिले आहे. मी चौतीस वर्षे राज्य सरकारच्या वजनमापे खात्यात काढली. न मोजलेल्या गोष्टीविषयी बोलू नये हे मी हाताखालच्या निरीक्षकांना आयुष्यभर सांगत आलो, आणि येथे नऊ आणि दहा म्हणजे कशाचे नऊ आणि दहा हेही न विचारता निकाल दिला होता. त्या ओशाळेपणातून जे वाचन झाले, त्याचे हे फलित.

हे नऊ आणि दहा म्हणजे इंचाचे सहस्रांश. गिटारीच्या तारांचा संच त्यातील सर्वांत बारीक, म्हणजे पहिल्या तारेच्या जाडीवरून ओळखला जातो. (१९५८ सालापासून इंच-फूट हद्दपार करण्यात ज्या खात्याने उमेद खर्ची घातली, त्याच्या सेवानिवृत्ताच्या घरात इंचाचा हजारावा भाग असा मागच्या दाराने परत यावा, ही गंमतच.) एक सहस्रांश इंच म्हणजे मिलिमीटरचा सुमारे चाळिसावा हिस्सा. एवढ्याने काय फरक पडणार, असे कोणासही वाटेल. त्याचे उत्तर फ्रान्समधील मारँ मेर्सेन या धर्मगुरूने १६३६-३७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या संगीतविषयक ग्रंथात देऊन ठेवले आहे. तारेचा स्वर तिची लांबी, तिच्यावरील ताण आणि तिचे वजन या तीन गोष्टींवर ठरतो. लांबी तीच आणि स्वरही तोच ठेवला, तर लागणारा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. दहाचा वर्ग शंभर, नऊचा एक्याऐंशी. म्हणजे एका सहस्रांशाने तार बारीक केली की तिचा ताण एकोणीस टक्क्यांनी उतरतो. साडेपंचवीस इंची लांबीच्या गिटारीवर दहाच्या सहा तारा मिळून दांडीवर सुमारे ४७ किलोंचा ओढा असतो. नऊच्या संचाचा ३८-३९ किलोंचा. आमच्या चिरंजीवांनी त्या वाद्याच्या दांडीवरून एका दुपारी आठ किलोंचे ओझे उतरवले होते, आणि दांडीला त्याची वर्दी दिली नव्हती.

आता प्रश्न असा की तारा मुळात जाड का होत्या? याचे कारण विजेच्या आधीच्या गिटारीत सापडते. अमेरिकेत १९२०-३०च्या सुमारास नृत्याच्या वाद्यवृंदांत गिटार शिरली ती ताल धरण्यासाठी. तिच्या शेजारी पितळी वाद्ये आणि ढोल. पोकळ लाकडी पेटीतून निघणारा आवाज त्यांच्यात ऐकू यायचा तर पेटीला जोराने हलवणारी जाड, ताठ तार हवी. वादकाच्या बोटांचे काय होते याचा विचार गौण होता. एकल वादनाचा मान तिला फारसा नव्हताच.

१९३१-३२ साली कॅलिफोर्नियात जॉर्ज बोशाँ आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी तारेखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवून तिची कंपने विजेत उतरवली. ती पहिली गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची, हवाईयन पद्धतीची होती. तिच्या आकारावरून तिला 'तळणीचा तवा' असे नावही पडले. आकाशवाणीवर हवाईयन गिटारीवरची चित्रपटगीते ऐकत वाढलेल्या आपल्या पिढीला या घराण्याची ओळख सांगावयास नको. १९३६ साली गिब्सन कंपनीने उभ्या धरून वाजवायच्या गिटारीवर हीच योजना केली, आणि चार्ली ख्रिश्चनसारख्या वादकाने तीवर एकल वादन करून दाखवले. १९५०-५१ साली लिओ फेंडर यांची भरीव लाकडाची गिटार बाजारात आली. तीच पुढे 'टेलिकास्टर' म्हणून प्रसिद्ध झाली. १९५४ साली 'स्ट्रॅटोकास्टर' आली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. भरीव लाकडाच्या गिटारीत हलवायला पेटीच नाही. आवाज मोठा करण्याचे काम ध्वनिवर्धकाचे. बारीक तारेने चुंबकापाशी वीज थोडी कमी उपजते, पण ती उणीव बटण जरा फिरवले की भरून निघते. म्हणजे जाड तारेची गरज ज्या दिवशी चुंबक बसवले त्याच दिवशी संपली होती. तरीही पुढील जवळजवळ तीस वर्षे विजेच्या गिटारीवर त्याच बाराच्या घरातल्या जाड तारा चढत राहिल्या. कारखाने तेच संच करीत, दुकाने तेच विकत, शिक्षक त्यावरच शिकवीत. सरकारी कचेरीत रद्द झालेल्या नियमाचा रकाना फॉर्मवर वर्षानुवर्षे छापला जातो आणि लोक तो निमूटपणे भरतात, तसा हा प्रकार.

या जुन्या संचात खरा अडसर होता तिसऱ्या तारेचा. गिटारीच्या जाड तारांवर दुसरी बारीक तार गुंडाळलेली असते. त्या काळच्या संचात चौथी, पाचवी, सहावी यांच्याबरोबर तिसरी तारही अशी गुंडाळलेली असे. गुंडाळलेली तार बाजूला ओढून स्वर चढवणे अतिशय जड जाते. आणि दक्षिण अमेरिकी संस्थानांतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गायनाचा प्राणच मुळी दोन स्वरांमधल्या जागेत आहे. गळ्याने ती जागा सहज घेता येते. गिटारीवर ती घ्यायची तर तार पडद्यावरून आडवी ओढावी लागते. आपण जिला मींड म्हणतो तिचाच हा चुलत प्रकार. एक पूर्ण स्वर चढवायचा तर ताण सव्वापटीहून किंचित जास्त करावा लागतो, हे मेर्सेनच्याच हिशोबाने निघते. मुळातच ताठ असलेल्या तारेवर ही सव्वापट बोटाच्या टोकाने कशी करावी?

याचे उत्तर कारखानदारांनी शोधले नाही; वादकांनी शोधले, आणि तेही दुसऱ्याच वाद्याच्या पुडक्यात. बँजोच्या तारा बारीक, साध्या पोलादाच्या आणि कोणत्याही दुकानात मिळणाऱ्या. लुइझियानातील जेम्स बर्टन हा मुलगा या युक्तीमुळे विशेष लक्षात राहतो. १९५७ साली डेल हॉकिन्सच्या 'सूझी क्यू' या ध्वनिमुद्रिकेत गिटार वाजवली तेव्हा त्याला अठरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्याने आपल्या टेलिकास्टरच्या वरच्या तारा काढून बँजोच्या तारा चढवल्या आणि गिटारीच्या नेहमीच्या तारा खालच्या जागी सरकवल्या. पुढे तो रिकी नेल्सनबरोबर व नंतर १९६९पासून १९७७पर्यंत एल्व्हिस प्रेस्लीबरोबर वाजवीत असे. त्याच्या तारा ओढून काढलेल्या स्वरांची नक्कल करू पाहणारी पोरे आपापल्या जाड तारांवर बोटे सोलून घेत होती. गुपित बोटात नसून तारेच्या पुडक्यात आहे हे त्यांना ठाऊक नव्हते.

ते गुपित दुकानात मांडले ते अर्नी बॉल यांनी. (यांचे आजोबा अर्नेस्ट बॉल हे आयरिश धाटणीच्या लोकप्रिय गीतांचे संगीतकार. आजोबा-नातवाच्या कथेत हा तपशील मला गाळवेना.) स्वतः पेडल स्टील गिटारीचे वादक असलेल्या बॉल यांनी लॉस एंजेलिसजवळ टारझाना येथे फक्त गिटारी विकणारे दुकान १९५०च्या दशकाच्या अखेरीस उघडले. नव्याने शिकणारी मुले तिसऱ्या तारेपाशी अडतात, हे गल्ल्यावर बसून त्यांच्या ध्यानात आले. त्या वेळच्या प्रचलित संचात ही तार एकोणतीस सहस्रांशाची असे. हलका संच काढावा म्हणून त्यांनी मोठ्या कंपनीकडे शब्द टाकला, नकार मिळाला. तेव्हा तारा ओढणाऱ्या कारखान्याकडून त्यांनी स्वतःच्या मापाच्या तारा करवून घेतल्या. प्रथम तिसरी तार चोवीस सहस्रांशांवर आणली. तरी गिऱ्हाईक संचातील सर्वांत जाड तार फेकून, बाकीच्या एक-एक जागा सरकवून, वर बँजोची तार जोडतच आहे, असे त्यांना दिसले. अखेर १९६२च्या सुमारास त्यांचा 'स्लिंकी' हा संच निघाला. त्यात तिसरी तार गुंडाळलेली नव्हती, साधी होती. दहा, तेरा, सतरा, सव्वीस, छत्तीस, शेहेचाळीस हा त्यांचा क्रम आज जगभरच्या गिटारवाल्यांना पाढ्यासारखा पाठ असतो, आणि नऊपासून सुरू होणारा त्याहून हलका क्रमही त्यांच्याच घरचा. सुट्या तारा मापाप्रमाणे खणांत लावून ठेवायच्या आणि गिऱ्हाइकाने हवा तो संच जुळवून घ्यायचा, ही सोयही त्यांनी केली. बॉल २००४ साली वारले.

तारा बदलल्या, पण वाद्ये जुन्या तारांच्या हिशोबाने घडलेली होती, ही पुढची अडचण. दांडीच्या पोटात पोलादी सळई घालून तिची वाक कमी-जास्त करण्याची युक्ती गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांनी काढली; तिचे पेटंट १९२३ सालचे. तिला ट्रस रॉड म्हणतात. तारा दांडीला पुढे ओढतात, सळई मागे. दोघींच्या ओढाताणीत दांडी अगदी किंचित पोकळ राहावी, म्हणजे हलणाऱ्या तारेला जागा मिळते. लिओ फेंडर यांना प्रारंभी ही सळई अनावश्यक वाटत होती आणि त्यांच्या १९५०च्या पहिल्या काही गिटारी तिच्यावाचूनच निघाल्या. त्याच वर्षी त्यांना मत बदलावे लागले. जाड तारांच्या जागी हलक्या आल्या की या ओढाताणीत सळई वरचढ ठरते. दांडी मागे झुकते आणि तारा पडद्यांना घासू लागतात. आमच्या घरातील झणझणाटाचे मूळ ते हेच.

घोडीचेही तसेच. तार पडद्यावर दाबली की थोडी ताणली जाऊन स्वर किंचित चढतो. तो उतरवण्यासाठी घोडीपाशी तारेची लांबी केसभर वाढवून ठेवावी लागते. ही वाढ मुख्यतः तारेच्या गाभ्याच्या जाडीवर अवलंबून असते. गुंडाळलेल्या तारेचा गाभा बारीक असतो, म्हणून तिला कमी लांबी पुरते; साध्या तारेला अधिक लागते. जुन्या घोड्यांची पायरी दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेच्या मध्ये होती, कारण गुंडाळणी तेथून सुरू होत असे. तिसरी तार साधी झाल्याबरोबर ही पायरी तिसऱ्या आणि चौथ्या तारेच्या मध्ये सरकली. टेलिकास्टरच्या घोडीवर दोन-दोन तारांना मिळून एक टेकू. तिसरी आणि चौथी एकाच टेकूवर. एकीला सुरात आणावे तर दुसरी रुसे. गिब्सनची १९५४ची घोडी आणि स्ट्रॅटोकास्टरची घोडी यांत मात्र प्रत्येक तारेला स्वतंत्र टेकू असल्याने त्या वाद्यांनी हा बदल सहज पचवला. त्यांच्या कर्त्यांनी हलक्या तारेचा विचार करून ती सोय केलेली नव्हती. सोय आधी होती, तिचे पुरते चीज नंतर झाले.

इंग्लंडात हे लोण पोचले तेव्हा तेथील मुलेही अशाच खटपटी करीत होती. एरिक क्लॅप्टन यार्डबर्ड्स या संचात असताना त्याच्या बारीक तारा मैफलीत वरचेवर तुटत. तो रंगमंचावरच नवी तार चढवीत बसे आणि श्रोते संथ लयीत टाळ्या वाजवीत. त्यावरून त्याला 'स्लोहँड' हे टोपणनाव पडले. ते नाव संथ वादनावरून पडले असावे अशी अनेकांची समजूत असते.

पण ज्या माणसाच्या हकिकतीने मला नातवापुढे खाली पाहावयास लावले, तो बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी. १९६५ साली तो सतरा वर्षांचा होता आणि पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. एका वाद्यवृंदाबरोबर युरोपात जायचे ठरले होते; कारखान्यातला तो शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा त्याला परत जायचे नव्हते. दिवस पुरा करून ये, काम अर्धे टाकू नये, असे आईने बजावून त्याला पाठवले. (कोणती आई दुसरे काही सांगेल?) त्या दुपारी यंत्रावरचा माणूस आला नव्हता म्हणून त्याला तेथे बसवण्यात आले, आणि यंत्राखाली उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच.

गिटार संपली असे सर्वांनी सांगितले. कारखान्यातील त्याच्या वरिष्ठाने मात्र त्याला जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकवली. १९२८ साली राहत्या गाडीला लागलेल्या आगीत जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती, आणि उरलेल्या बोटांवर त्याने युरोपात नाव मिळवले होते. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून अंगुस्ताने घडवली, त्यांवर जुन्या जाकिटाचे कातडे चिकटवले. पण अंगुस्तानाला स्पर्श कळत नाही. तार किती दाबली गेली हे बोटाला समजत नाही आणि ताठ तार ओढताना टोपण निसटते. तेव्हा त्यानेही बँजोच्या तारांचा आश्रय केला. पुढे ब्लॅक सॅबथ या संचाच्या १९७१च्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेपासून त्याने गिटारच दीड स्वर खाली उतरवली. दीड स्वर उतरवला की ताण मूळच्या एकाहत्तर टक्क्यांवर येतो. हे गणित मी स्वतः करून पाहिले. त्या खाली उतरलेल्या, सैल तारांतून जो गडद, दबलेला नाद निघाला, तो पुढे 'हेवी मेटल' या साऱ्या पंथाचा पाया झाला. ज्याच्या नावातच 'जड' हा शब्द आहे त्या संगीताचा जनक हलक्यात हलक्या तारा शोधत फिरत होता. मला हे संगीत फार वेळ ऐकवत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. नातवाच्या आग्रहास्तव एकदा संपूर्ण ऐकले.

याला उलटे उदाहरणही आहे. टेक्सासचा स्टीव्ही रे व्हॉन तेराच्या तारा वाजवी. स्वर अर्धा उतरवून का होईना. बोटांची कातडी निघाली की तो ती गोंदाने चिकटवून पुन्हा वाजवायला बसे. १९९० साली तो अपघातात गेल्यावर त्याच्या भक्तांत जाड तारा हे मर्दुमकीचे लक्षण ठरले. दुसरीकडे त्याच टेक्सासच्या बिली गिबन्सला ब्लूजचे बुजुर्ग बी. बी. किंग यांनी त्याच्या जाड तारा पाहून, इतके कष्ट कशाला करतोस, असे विचारले आणि तेव्हापासून तो हलक्या तारांकडे वळला, असे तो सांगतो. अलीकडे तो सातच्या तारा वाजवतो. दोघांचाही नाद भरदार आहे.

आमच्या गिटारीचे काम कारागिराने माझ्यादेखत केले. ट्रस रॉडचा पेच चावीने पाव फेरा सैल केला आणि दांडीला सावरायला थोडा वेळ दिला. घोडीमागच्या स्प्रिंगा सैल करून ती पूर्ववत सपाट आणली. मग एकेका तारेची उंची आणि टेकूची जागा. प्रत्येक फेऱ्यानंतर पुन्हा सुरात लावून पाहणे. साऱ्याला तास-सव्वा तास लागला. नऊच्या तारा त्या गिटारीवर अजून आहेत.

घरी आल्यावर मी माळ्यावरून सतार खाली काढली. वडिलांनी पासष्टीनंतर ती सोडली. सांधे धरले, मींड ओढताना बोट वळेना, तेव्हा एके दिवशी त्यांनीच गवसणी चढवली आणि पुन्हा काढली नाही. पुढे अकरा वर्षे ते होते. मी नोकरीत होतो तेव्हापासूनचा माझा स्क्रू-गेज अजून चालू आहे. बाजाची तार मोजली, ०.३० मिलिमीटर भरली, म्हणजे सतारवाले जिला तीन नंबरची म्हणतात ती. दोन नंबरची तार ०.२८ची असते. मेर्सेनचा हिशोब लावला तर तिचा ताण सुमारे तेरा टक्क्यांनी कमी पडतो. हे त्या वेळी ना त्यांना सुचले, ना वजनमापे खात्यात असलेल्या त्यांच्या मुलाला. दोन नंबरच्या तारेचे वेटोळे मी मागवले आहे. नातू म्हणतो, चढवायचे काम तो करील.